ती तुळई कापू नका



माळ्यावर खोली करताना छपराच्या कैचीची (त्रिकोणी सांगाड्याची) ‘मध्ये येणारी’ आडवी तुळई कापावी, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला घातक आहे. कैचीचे तिरपे वासे कौलांच्या भाराने सतत बाहेर फाकू पाहतात. त्यांना ती तुळईच ओढून धरते. ती गेली की सारा रेटा भिंतींच्या माथ्यावर येतो. जांभ्याची भिंत वरचा भार पेलते, आडवा रेटा नाही. छप्पर त्याच दिवशी पडत नाही, म्हणून तर फसगत होते! आधी आढे खचते, कौलांच्या ओळी वाकतात, मग भिंतीला भेग जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इकडे धडधाकट छपरेही उडाली. कापलेल्या कैचीचे काय होईल? करवत लावण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला घर दाखवा.

– एक वाचक, दापोली