यंत्र धडधाकट, तरी भंगारात?



आपल्यापैकी बऱ्याच घरांत एक जुना संगणक आहे. मुलगा पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीस गेला आणि त्याचा संगणक वडिलांच्या टेबलावर आला. पेन्शनचे कागद, वधूवर सूची, गणेशोत्सवाचा हिशेब, परदेशातल्या नातीशी बोलणे, सारे त्यावरच. यंत्रात बिघाड काहीच नाही. तरी दुकानात नेले की उत्तर ठरलेले: "काका, हा आता चालणार नाही. नवाच घ्या!"

का चालणार नाही? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपवला म्हणून. विंडोज ११ घालावे, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. ही पिढी बाजारात आली २०१७ साली. त्याआधीचे यंत्र कितीही चांगले असो, बाद! ॲपलनेही जून २०२५ मध्ये सांगून टाकले की इंटेलवर चालणाऱ्या मॅकसाठी 'टाहो' हीच शेवटची नवी आवृत्ती.

कंपन्या म्हणतात, जुन्याला जन्मभर कोण पोसणार? हे अगदीच खोटे नाही. दुरुस्त्या करायला माणसे आणि पैसा लागतो. सपोर्ट संपलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणेही धोक्याचेच. पण विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला असताना, मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर थैमान घालताच त्याच एक्सपीसाठी दुरुस्ती बाहेर आली! विंडोज १० लाही वर्षभराची मुदतवाढ जाहीर झाली. इतरत्र तीस डॉलर भरा किंवा अटी पाळा. युरोपात मात्र ग्राहक संघटनांनी दबाव आणला आणि ती विनामूल्य, सौम्य अटींवर मिळाली. जो बोलतो त्याला मिळते. आपण कधी बोललो?

कंपनी हात झटकून गेली की कचरा कोणाच्या दारात राहतो, हे भोपाळला कोणी शिकवायला नको. युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा पीथमपूरला हलायला जानेवारी २०२५ उजाडला. त्या दुःखाशी कशाचीच बरोबरी नाही, पण धडा तोच आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम यंत्र बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकतात; चालत्या यंत्राला कचरा ठरवणाऱ्याला कोण विचारतो?

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. आता कायदा हवा. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तशी संगणकाच्या खोक्यावर 'सपोर्ट अमुक वर्षापर्यंत' ही तारीख छापलीच पाहिजे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न विचारा.

तोवर घाईने नवा घेऊ नका. लिनक्स आहे, आपल्या सी-डॅकने केलेली 'बॉस' आहे. केरळच्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवरच चालतात. समाजातील तरुणांनी एक रविवार काढून ज्येष्ठांची यंत्रे सुरू करून द्यावीत. वस्तू मोडेपर्यंत वापरणे हा कंजूषपणा नव्हे, आपल्या घरांचा संस्कार आहे!