जुना ट्रॅक्टर आणि बॅटरीवर येणारा आळ

सायंकाळीं खेडेगांवांतून फेरफटका केला असतां कांहीं जुने ट्रॅक्टर घरापासून दूर, मुद्दाम उतारावर उभे केलेले दिसतात. सकाळीं स्टार्टर दगा देतो, म्हणून ही योजना. मालकास विचारावें, तर उत्तर ठरलेलें : बॅटरी गेली. मग नवी बॅटरी येते, महिना-दोन महिने बरे जातात आणि ट्रॅक्टर पुन्हां उतारावर जातो. बॅटरीवरील हा आळ पुष्कळ वेळां खोटा असतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. डिझेलचें जुनें इंजिन एकदां सुरू झालें कीं विजेवांचून चालतें; त्यामुळें वायरींकडे पाहण्याची गरज दिवसभर कोणास भासत नाहीं.

इंजिन फिरवितांना स्टार्टर सुमारें ३०० अँपिअर प्रवाह ओढतो. वाटेंतील एखाद्या सांध्यांत गंज चढून एक शतांश ओहम इतकाच अडथळा उत्पन्न झाला, तरी तेथें ३ व्होल्ट खर्ची पडतात. १२ मधून ३ गेल्यावर स्टार्टरनें फिरावें कसें? दिवे लावून स्टार्टर दाबावा. दिवे विझूं लागले, तर बॅटरी किंवा तिच्या टोकांवरील सांधे तपासावे; दिवे लख्ख राहिले, तर दोष स्टार्टरच्या वाटेंत, म्हणजे स्विचांत, सोलेनॉइडांत किंवा अर्थिंगच्या वायरींत आहे. दसऱ्यास ट्रॅक्टर रंगवितांना अर्थिंगच्या बोल्टाखालीं रंग बसतो, हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं!

कांहीं शें रुपयांचा मल्टिमीटर प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानें बाळगावा. रात्रभर विसावलेली पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे ती निम्मी रिती. स्टार्टर फिरत असतां बॅटरीचें ऋण टोक व इंजिनाचें उघडें लोखंड यांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक आला, तर अर्थिंग सोडवून घासावें. इंजिन चालू असतां बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. तसे न दिसल्यास बॅटरी भरतच नाहीं, आणि पट्टा, अल्टरनेटर व रेग्युलेटर पाहिल्यावांचून आणलेली नवी बॅटरीही जुनीच्याच वाटेनें जाणार. टोकांवरील पांढरा-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें निघतो. मात्र ऋण वायर प्रथम सोडावी व शेवटीं जोडावी.

एका प्रकारास मात्र आमचा सक्त विरोध आहे. सोलेनॉइडाच्या टोकांस पेचकस लावून इंजिन सुरू करण्याची चाल सर्रास पडली आहे. क्लच किंवा न्यूट्रलचा सुरक्षा-स्विच बिघडला, कीं हाच उपाय. अशा वेळीं गिअर पडलेला असल्यास ट्रॅक्टर तत्क्षणीं पुढें धांवतो, आणि पेचकस धरणारा नेमका मागल्या चाकापुढें उभा असतो. तो बहुधा मालक नसतो. सालगडी किंवा घरांतील पोरगा असतो. नवा स्विच बसविण्यास एक सकाळ पुरते.