गर्दी हा पुरावा नव्हे

शेअर बाजार चढू लागला की त्याची बातमी आतल्या पानावरून पहिल्या पानावर येते. चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात, कोर्टाच्या आवारात फुकटच्या 'टिप्स' वाटल्या जातात. ज्याने आयुष्यात कधी ताळेबंद उघडला नाही, तोही भविष्य सांगू लागतो. सामान्य माणसाने सावध व्हावे ते नेमके अशा वेळी. घडते मात्र उलटेच. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढून तो याच वेळी बाजारात उतरतो.

जानेवारी २००८ आठवून पाहा. १० तारखेला सेन्सेक्सने २१,२०६ अंकांचे शिखर गाठले. १५ तारखेला रिलायन्स पॉवरची समभाग विक्री सुरू झाली. तेव्हा या कंपनीचा एकही वीज प्रकल्प चालू नव्हता. तरीही मागणी ७० पटींहून अधिक! २१ जानेवारीला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला. दुसऱ्या दिवशी तासभर व्यवहारच थांबवावे लागले. छोट्या गुंतवणूकदाराला ४३० रुपयांना मिळालेला तो शेअर ११ फेब्रुवारीला, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी, ३७२ रुपयांच्या आसपास बंद झाला. ऑक्टोबरात सेन्सेक्स आठ हजारांच्याही खाली गेला.

अमेरिकेतील गृहकर्जांचे संकट खरे होते. पण घसरण इतकी तीव्र का झाली? कारण ज्यांना घ्यायचे होते त्या सर्वांनी आधीच घेतले होते, अनेकांनी तर उसन्या पैशाने. नवा ग्राहक उरला नाही की थोडी विक्रीही भाव पाडते. भाव पडला की दलाल मार्जिन मागतो, ते भरता आले नाही की शेअर विकले जातात आणि भाव आणखी पडतो. सर्वांचे एकमत हीच शिखराची खूण असते.

अमेरिकन लेखक हम्फ्री नील यांनी १९५४ साली विरुद्ध दिशेने विचार करण्यावर एक पुस्तक लिहिले. त्यांच्या मांडणीचा सारांश असा की, गर्दी वाटचालीत बहुधा बरोबर असते. ती चुकते वळणावर. म्हणूनच केवळ विरोधासाठी विरोध करणे हेही शहाणपण नव्हे. जुलै २००७ मध्ये सेन्सेक्स १५,००० वर पोहोचला, तेव्हाच 'आता शिखर आले' म्हणून ज्यांनी मंदीचा सौदा केला, त्यांना पुढची सहा हजार अंकांची चढण सोसावी लागली असती. शिखराची तारीख कोणालाच सांगता येत नाही. मग हाती काय उरते? प्रश्न विचारणे. आता विकत घेणारा कोण उरला आहे? हा पैसा स्वतःचा की कर्जाचा? निम्मा भाव झाला तर घर चालेल काय?

न्यायालयात ऐकीव साक्ष चालत नाही. शंभर जणांनी तेच ऐकले म्हणून ती ग्राह्य ठरत नाही, कारण त्या शंभरांनी एकमेकांकडूनच ऐकलेले असते. कोर्टात जी कसोटी आपण मान्य करतो, ती घामाच्या पैशाला का लावू नये?

हा प्रश्न जुना झालेला नाही. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांनी पैसे गमावले. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. यातील तीन चतुर्थांशाहून जास्त लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवले होते. म्हणजे बुडाला तो पगारदार, छोटा दुकानदार, नोकरीच्या शोधातला तरुण.

श्रीमंताची चूक त्याच्या वहीत तोटा म्हणून नोंदली जाते. गरिबाची चूक त्याच्या मुलीच्या शिक्षणातून वसूल होते. तेव्हा 'सगळेच घेत आहेत' असे कोणी सांगू लागला, तर हात खिशाकडे नेण्याआधी त्याची उलटतपासणी घ्या.