आईविना पिल्लांच्या जंतांवर वेळेवर उपचार व्हावेत, यासाठी निवेदन

प्रति,
मा. मुख्य पशुवैद्यकीय अधिकारी,
महानगरपालिका

विषय : स्वयंसेवकांच्या घरी सांभाळल्या जाणाऱ्या मांजरीच्या पिल्लांची विष्ठा तपासणी व जंतनाशक औषधोपचार यांबाबत.

महोदय,

आपल्या दवाखान्यात आणून सोडलेली आईविना पिल्ले आम्ही घरी नेतो आणि दत्तक जाईपर्यंत सांभाळतो. गेल्या पावसाळ्यात आलेल्या चार पिल्लांतले सर्वांत धाकटे ३२० ग्रॅमचे होते. पोट टम्म फुगलेले, पण पाठीवरून हात फिरवला की मणका न् मणका बोटाला लागे. सोबतच्या कागदावर ‘जंताचे औषध दिले’ एवढाच शेरा होता. कोणते औषध, किती, कधी, याची नोंद नव्हती. तिसऱ्या रात्री पिल्लाने शेवयांसारखे जंत ओकले. पुढे जुलाब लागले आणि दोन दिवसांत ते गेले.

गोलकृमी पिल्लाला आईच्या दुधातूनही मिळतात. अंड्यांवाटे शिरलेल्या अळ्या यकृत-फुप्फुसांतून फिरून नंतर आतड्यात उतरतात. त्यामुळे एकदा औषध पाजून भागत नाही. शिवाय गोलकृमींवरचे पायरँटेल पट्टकृमींवर चालत नाही. त्यांना प्राझिक्वांटेल लागते आणि पिसवा गेल्या नाहीत तर पट्टकृमी पुन्हा होतात. कॉक्सिडिया व जिआर्डिया हे तर एकपेशीय परजीवी. त्यांचे औषध वेगळे आणि निदान विष्ठा तपासल्याशिवाय होत नाही. गोलकृमींची अंडी मातीतून माणसांच्या पोटातही जातात, म्हणून हा प्रश्न अंगणात खेळणाऱ्या मुलांचाही आहे.

आमच्या मागण्या :

१. पिल्लू ताब्यात देताना त्याचे ग्रॅममध्ये वजन करावे व त्यानुसारच औषध द्यावे; अंदाजाने देऊ नये.

२. तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, दूध तुटल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत जंतनाशक औषध मोफत मिळावे.

३. प्रत्येक पिल्लाच्या कार्डावर औषधाचे नाव, मात्रा, तारीख व पुढची तारीख लिहावी.

४. जुलाब होणाऱ्या पिल्लांची विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी. जिआर्डिया प्रत्येक नमुन्यात सापडतोच असे नाही, म्हणून गरजेनुसार पुन्हा नमुना घ्यावा.

५. पिसवांसाठी पिल्लांना चालणारेच औषध द्यावे. कुत्र्यांसाठीची परमेथ्रिनयुक्त औषधे मांजरांना विषारी ठरतात, ही सूचना दवाखान्यात ठळक लावावी.

६. रात्री-अपरात्री पिल्लाच्या अंगातले पाणी कमी होऊ लागल्यास सल्ला मिळेल असा एक दूरध्वनी क्रमांक द्यावा.

वजनाची नोंद ठेवणे, वेळेवर औषध पाजणे, ताजे नमुने आणून देणे ही कामे आम्ही करू. आम्हाला औषध, तपासणी आणि लेखी नोंद एवढेच हवे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी ही व्यवस्था सुरू करावी आणि चर्चेसाठी आम्हाला वेळ द्यावी, ही नम्र विनंती. पुढच्या पिल्लाच्या कागदावर तरी पुढची तारीख लिहिलेली असावी.

आपले विश्वासू,
पिल्ले सांभाळणारे स्वयंसेवक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)