आजोबांचा दाखला

जयंतीच्या मंचावर आमची मुले ‘डॉक्टर होणार, कलेक्टर होणार’ असे ठणकावून सांगतात. टाळ्या पडतात. पुढे काय? रामजी सुभेदारांनी विवाहित मुलींचे दागिने गहाण टाकून भिवाला पुस्तके आणून दिली. आमचे पालक डीजेची वर्गणी वेळेवर भरतात आणि मुलाचा जातीचा दाखला मात्र बारावीच्या निकालानंतर शोधू लागतात! अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. तो बहुधा आजोबांच्या गावच्या शाळेत, जुन्या रजिस्टरात पडून असतो. जात पडताळणीअभावी हातची जागा गेल्यावर वकिलाकडे धावून काय उपयोग? विहारांच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे, या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांची कागदपत्रे तपासा आणि ज्यांची नाहीत त्यांच्या बापाला गावी धाडा.