मेलेल्या बाळंतिणीची जात लिहा

गोदीत कुठलाही माल मोजल्याशिवाय हलत नाही. जहाजातून गोण उतरली की टॅली क्लार्क कागदावर रेघ मारतो. फाटली तर वेगळी लिहितो, भिजली तर वेगळी. कारण गोणीला मालक असतो आणि मालक हिशोब मागतो. बाळंतपणात मेलेल्या आमच्या बाईचा हिशोब कोण मागणार?

सरकार म्हणतं, आम्ही मोजतो की. खरंय, मोजतं. नमुना नोंदणी पाहणीचं पत्रक निघतं. दर एक लाख जिवंत जन्मांमागे २०१४-१६ मध्ये देशात १३० आया मरत होत्या. २०१८-२० मध्ये ९७. महाराष्ट्रात ६१ वरून ३३. आकडा खाली आला याला वाईट कोण म्हणेल? पण त्याच पत्रकात आसाम १९५ आणि केरळ १९. म्हणजे बाळंतिणीचं मरण सटवाईनं कपाळावर लिहिलेलं नसतं. ते ती कुठं राहते, काय खाते, तिच्यासाठी दवाखाना कितपत उघडतो यावर ठरतं. हे आकड्यानंच सिद्ध केलं. मग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदलणारं मरण एका आळीतून दुसऱ्या आळीत बदलत नसेल काय? त्याचं उत्तर त्या पत्रकात नाही. राज्याचा रकाना आहे, वयाचा आहे. जातीचा नाही.

आता दुसरा कागद बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. ही पाहणी जात विचारते. २०१९-२१ ला शंभर गरोदर बायांत ५२ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. २०१५-१६ ला ५० जणींच्या. एवढी अभियानं, एवढ्या गोळ्या, एवढी पोस्टरं, आणि रक्त वाढायचं सोडून घटलं. त्याच पाहणीत दलित आणि आदिवासी बायांचा आकडा वेगळा काढता येतो, आणि तो देशाच्या सरासरीपेक्षा वाईट निघतो. म्हणजे जिवंत बाईच्या रक्ताला जात विचारतात. तेच रक्त सांडून ती मेली की जात पुसून टाकतात. वा रे समता! आमच्या बायांना समता मिळते ती फक्त मयताच्या आकड्यात.

कुणी म्हणेल, आकड्यांनी काय होतं? होतं. २०२३ साली एका मोठ्या संशोधनाचा निकाल छापून आला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ऐंशीएक दवाखान्यांतला, दोन लाखांहून जास्त बाळंतिणींचा. सगळी काळी, गरीब माणसांची रुग्णालयं. बाळंतपणानंतर बाया सगळ्यात जास्त मरतात त्या रक्तस्रावानं. आणि डॉक्टर, नर्स ते रक्त आजवर नजरेनं मोजत आले. चादरीत मुरलेलं, फरशीवर सांडलेलं, 'असेल थोडंफार' म्हणायचं. या लोकांनी बाईखाली खुणा असलेली प्लॅस्टिकची साधी पिशवी लावली. रक्त त्यात जमतं, किती ते दिसतं, आणि खूण ओलांडली की गर्भाशय चोळणं, इंजेक्शनं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं. नजरेनं मोजताना निम्मेच रक्तस्राव ध्यानात येत होते. पिशवीनं शंभरात ९३ पकडले. भयंकर रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा मरण हे हजारी ४३ वरून हजारी १६ वर आलं. औषधं जुनीच होती. नवं होतं ते मोजमाप, आणि मोजल्याबरोबर हलणारे हात.

आमच्या मरणाचं आज तेच चाललंय. नजरेनं मोजतात. 'असेल थोडंफार.'

दुसरे शहाणे म्हणतात, हा प्रश्न गरिबीचा आहे, जातीचा नाही. त्यांना अमेरिका दाखवा. तिथं मातामृत्यूचा आकडा वंशानुसार छापतात. २०२१ साली लाखामागे गोऱ्या बाया २६.६ आणि काळ्या ६९.९. आणि पैशाचं म्हणाल तर सेरेना विल्यम्सपेक्षा श्रीमंत कोण? २०१७ ला ती बाळंत झाली. श्वास कोंडला तेव्हा, माझ्या फुप्फुसात गुठळी झालीय, तपासा, हे त्या जगज्जेतीला दवाखान्यात पुन्हापुन्हा सांगावं लागलं. तपासलं तेव्हा गुठळी निघाली. पैसा होता, नाव होतं. कातडी काळी होती. ही गोष्ट आजची नाही. ज्याला स्त्रीरोगशास्त्राचा बाप म्हणत आले त्या मॅरियन सिम्सनं १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम काळ्या बायांवर, भूल न देता, पुन्हापुन्हा शस्त्रक्रिया केल्या. अॅनार्का, बेट्सी, ल्यूसी ही त्यातली तीन नावं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ साली हलवावा लागला. तो आपोआप हलला नाही. ज्यांच्या आज्यांच्या अंगावर ते शास्त्र शिकलं गेलं, त्यांनी हिशोब मागितला म्हणून हलला.

आपल्याकडे उलटी तऱ्हा. माझी आजी गावात सुईण होती. पाटलाच्या सुनेचंही मूल तिच्याच हातात यायचं. नाळ तिनं कापायची, वार तिनं पुरायची, घाण तिनं काढायची. काम संपलं की दार शिंपडून घ्यायचे आणि पायलीभर दाणे वरून तिच्या पदरात टाकायचे. जन्म द्यायला आमचे हात चालले. आमच्या जन्माला मात्र कुणाचे हात लागत नाहीत, लागले तर शिव्या घेऊन लागतात. माझी थोरली बहीण चार घरची धुणीभांडी करते. रक्त सात ग्रॅम. आठवा महिना सरेपर्यंत बादल्या उचलत होती. डॉक्टरीण म्हणाली, अंडी, खजूर, पालेभाजी खा, आराम कर. कळा देताना ताई ओरडली तेव्हा आयाबाई म्हणाली, "नवऱ्याजवळ जाताना ओरडली नाहीस ती?" दवाखान्याचं नाव लिहीत नाही, एकाचं लिहिलं की बाकीचे सुटतात. ताई वाचली. तिच्या कार्डावर वजन होतं, बीपी होतं, लघवीची तपासणी होती. ती रोज किती ओझं उचलते याला रकाना नव्हता. मी उचलतो त्या गोणीवर पन्नास किलो छापलेलं असतं. तिच्या बादलीवर काही छापलेलं नसतं.

'आराम कर.' पगार कोण देणार? २०१७ साली बाळंतपणाची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, भरपगारी. पहिल्या दोन मुलांसाठी. कारखान्यात, दुकानात, हापिसात हजेरीपटावर नाव असेल तर. चार घरी भांडी घासणारीचा हजेरीपट कुठला? तिच्यासाठी मातृवंदना योजना : पहिल्या मुलाला पाच हजार, दुसऱ्याला सहा, तेही मुलगी झाली तरच. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा प्रत्येक गरोदर बाईला कमीत कमी सहा हजार म्हणतो. कायद्यातलं 'प्रत्येक' योजनेत येईस्तोवर कुठं गळालं?

आणि हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. २८ जुलै १९२८. मुंबई विधिमंडळात प्रसूती साहाय्याच्या बिलावर ते बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, आणि त्याचा भार सरकारनं आणि मालकानं उचलावा, हे त्यांचं म्हणणं. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला. तो गिरणी-कारखान्यातल्या बाईपर्यंत पोचला. गिरण्या गेल्या, टॉवर आले. टॉवरमधली फरशी पुसणारी बाई त्या कायद्याच्या बाहेरच राहिली.

आपल्यातलेच काही पोरं म्हणतात, ही बायकांची बाब, चळवळीचं बोला. अरे बाबांनो, चळवळीतला एकेक माणूस कुठल्या तरी बाईच्या रक्तातून आलाय. अन्याय फक्त चौकातच होतो काय? पडद्यामागच्या लोखंडी खाटेवर होतो तो अन्याय नव्हे?

तेव्हा मागणी सरळ आहे. मातामृत्यूच्या प्रत्येक नोंदीत बाईची जात आणि तिचं काम लिहा, नाव गुप्त ठेवा, आकडा दरसाल छापा. कायद्यातलं 'प्रत्येक' परत आणा आणि घरकाम करणारीला पगारी विश्रांती द्या. प्रत्येक प्रसूतिगृहात खुणांची पिशवी लावा. आणि कळा देणाऱ्या बाईला शिवी देणाऱ्याची तक्रार घ्यायला दारातच माणूस बसवा.

सरकार जागं होईस्तोवर आपण काय करायचं? प्रत्येक वस्तीत एक वही घालायची. बाया सांगतील, पोरींनी लिहायचं. कोण गरोदर आहे, रक्त किती, ओझं कुठलं, दवाखान्यानं परत पाठवलं काय, का. पोरांनी रात्री-अपरात्री रिक्षा आणायची आणि रक्त द्यायला रांगेत उभं राहायचं. पुढच्या वेळी कुणी 'असेल थोडंफार' म्हणालं की ती वही त्याच्या टेबलावर आपटायची.

जय भीम!