भूगोलाची परीक्षा व आपलें गांव

माघ महिना लागला, पहाटेचा गारठा कमी होऊं लागला, म्हणजे आमच्या वसतिगृहांतील दिवे रात्रीं उशिरापर्यंत जळूं लागतात. बारावीच्या परीक्षेस बसणारे विद्यार्थी ओसरीवर येरझारा घालीत पाठांतर करितात, आणि त्यांतील ज्यांनीं भूगोल घेतला आहे त्यांचा आवाज आम्हांस लांबूनही ओळखूं येतो. इतिहास घोकणारा सनावळीवर अडखळतो. भूगोल घोकणारा अडखळत नाहीं. 'स्थलांतराचीं कारणें पुढीलप्रमाणें आहेत' असें म्हणून तो एका श्वासांत पांच कारणें सांगून मोकळा होतो. ही सफाई ऐकून पूर्वीं आम्हांस समाधान वाटत असे. अलीकडे तीच ऐकून चिंता वाटूं लागली आहे. ती कां, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें म्हणून हा लेख.

सिरसाळा व त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांतून आमच्याकडे कांहीं मुलेंमुली शिकावयास येतात. सिरसाळा हें बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यांतील मोठें गांव; परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. त्या भागांतील एका मुलीची सराव परीक्षेची उत्तरपत्रिका यंदा आमच्या हातीं आली. स्थलांतराच्या प्रश्नास तिनें पांच कारणें, चार परिणाम व उदाहरणादाखल परदेशीं जाणारे अभियंते, इतकें सगळें सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें. कोठें कानामात्रेची चूक नव्हती. आम्हीं गुण दिले. उत्तरपत्रिका परत देतांना सहज विचारलें, "तुझे आईवडील सध्यां कोठें आहेत?"

"कारखान्याला गेलेत, सर. सांगलीकडं."

"मग तें उत्तरांत कां नाहीं लिहिलेंस?"

मुलगी क्षणभर गोंधळली. मग हळूच म्हणाली, "सर, ते पेपरांत लिहायचं असतं का?"

ह्या प्रश्नास आम्हांस चटकन उत्तर देतां आलें नाहीं, कारण तिच्या गोंधळाचें कर्तृत्व आमचेंच होतें. वीस वर्षें आम्हीं वर्गांत टिपणें सांगितलीं. कारणें मोजून दिलीं, परिणाम मोजून दिले, आणि उदाहरण म्हणून जें पुस्तकांत छापलेलें तेंच सांगितलें. समोरच्या बांकावर बसलेल्या निम्म्या मुलांचे आईबाप त्या घटकेस उसाच्या फडांत उभे आहेत, हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. तें भूगोलाच्या तासास ठाऊक नव्हतें, इतकेंच.

वास्तविक ज्यास हंगामी स्थलांतर म्हणतात त्याचा बीडइतका ठळक नमुना महाराष्ट्रांत क्वचितच मिळेल. दसरा-दिवाळी झाली कीं मुकादम येतो. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. त्या कोयत्यास 'उचल' म्हणून आगाऊ रक्कम मिळते, व ती फिटेपर्यंत ऊस तोडावयाचा असतो. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणें, सोलापूर, अहिल्यानगर, तसेंच कर्नाटकांत बेळगांवाकडे हीं कुटुंबें जातात आणि मार्च-एप्रिलांत, म्हणजे बोर्डाची परीक्षा संपत येतांना किंवा संपल्यावर, परत येतात. गांवाबाहेर लोटणारीं कारणें कोणतीं व परगांवाकडे ओढणारीं कोणतीं, हा जो प्रश्न पुस्तकांत दोन रकान्यांत मांडलेला असतो, त्याचे दोन्ही रकाने ह्या मुलीच्या घरांत आहेत. एका रकान्यांत कोरडवाहू जमीन, अवेळीं ओढ देणारा पाऊस आणि मागील वर्षाची न फिटलेली उचल. दुसऱ्यांत बागाईत मुलुखांतील कारखाने व पांच महिन्यांची खात्रीची मजुरी. ह्याशिवाय आणखी एक रकाना पाहिजे, जो पुस्तकांत नाहीं: मागें राहणाराचा. ही मुलगी वसतिगृहांत आहे म्हणून परीक्षेस बसते. तिच्या वयाच्या कित्येक मुली धाकट्या भावंडांस सांभाळावयास फडावर जातात आणि त्यांची परीक्षा तेथेंच संपते.

दिवाळीनंतर आम्ही एकदां कांहीं पालकांस भेटावयास म्हणून त्या बाजूस गेलों होतों. ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या भरून चालल्या होत्या. भांडींकुंडीं, अंथरुणें, कोयते, एखादी शेळी, आणि त्या सर्वांवर बसलेलीं लहान मुलें. दोन दिवसांनीं त्याच वस्तीवरून परत आलों, तों दारोदार कुलुपें. ओट्यावर म्हातारीं माणसें तेवढीं बसलेलीं. लोकसंख्येचा मनोरा काढावयास आम्ही बारावीच्या मुलांस शिकवितों. पाया रुंद कीं अरुंद, एवढें पाहून ती देशाची स्थिति सांगतात. जानेवारींत अशा एखाद्या वस्तीचा मनोरा काढला तर तो कमरेंत तुटलेला निघेल. परत आल्यावर आम्हीं वर्गांत एक प्रश्न घातला. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी ह्या दिवसांत झाली, म्हणजे ऐन गळिताच्या हंगामांत. तर त्या दिवशीं फडावर असलेलें कुटुंब कोणत्या गांवचें म्हणून मोजावें? त्या तासास प्रथमच मुलें आपसांत भांडलीं. अपेक्षित प्रश्नसंचांत हा प्रश्न नाहीं. परंतु लोकसंख्येचा धडा ह्या भांडणानें जितका समजला तितका आमच्या टिपणांनीं कधीं समजला नव्हता.

स्थलांतराप्रमाणेंच नद्यांचें. नाईल व ॲमेझॉन मुलांस तोंडपाठ. पण जलविभाजक म्हणजे काय, असें विचारलें तर व्याख्या येते आणि बोट नकाशावर कोठेंच टेकत नाहीं. बीड जिल्ह्याच्याच पाटोदा तालुक्यांत दोन नद्या उगम पावतात, सिंदफणा व मांजरा. दोघी बालाघाटाच्या लेंकी, आणि शेवटीं दोघी गोदावरीसच मिळतात. पण सिंदफणा जिल्ह्यांतल्या जिल्ह्यांत उत्तरेस उतरून माजलगांव तालुक्यांत मंजरथ येथें गोदावरीस भेटते; आणि मांजरा बालाघाटाच्या पठारावरून आग्नेयेस निघते, लातूर व बिदर ओलांडते, निजामसागराच्या भिंतीशीं अडते, आणि सुमारें ७२४ किलोमीटरांचा फेरा घालून तेलंगणांत कंदकुर्तीजवळ त्याच गोदावरीस मिळते. एका तालुक्यांत पडलेला पाऊस, मधें एक डोंगराची धार, आणि वाटेंत एवढा फरक! जलविभाजक शिकवावयास आम्हांस दुसरें काय पाहिजे?

पाण्याची गोष्ट तेथें संपत नाहीं. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ मध्यें पुरें झालें. त्याच्या उजव्या कालव्याचें पाणी सिंदफणेवरील माजलगांव धरणापर्यंत येतें. परळीस १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र आहे. उद्योगांच्या स्थाननिश्चितीवर प्रश्न आला कीं मुलें कच्चा माल, वाहतूक, मजूर, बाजारपेठ असें ओळीनें लिहितात आणि पाण्याचें नांव, आठवलें तर, शेवटीं. परळीस कोळसा रेल्वेनें दुरून येतो आणि येत राहिला. वीज थांबली ती पाण्यावांचून, २०१३ मध्यें एकदां व २०१५ मध्यें पुन्हां. पुढील वर्षीं मांजरेवरील धनेगांवचें धरण आटलें, आणि एप्रिल २०१६ मध्यें लातूरकरांस रेल्वेनें पाणी आणावें लागलें. पहिली गाडी १० वाघिणींची, प्रत्येकींत सुमारें ५० हजार लिटर. ती आली सुमारें ३४० किलोमीटरांवरील मिरजेहून, कृष्णेचें पाणी घेऊन. हें मिरज सांगली जिल्ह्यांत. ज्या कृष्णाकांठीं सिरसाळ्याकडचीं माणसें उसाच्या पाठीमागें जातात, त्याच कांठचें पाणी आगगाडींत बसून मराठवाड्यास आलें! प्राथमिक, द्वितीयक व तृतीयक अशा तिन्ही आर्थिक क्रिया ह्या एका हकीकतींत बसतात, आणि पर्जन्यछायेचा धडा वेगळा सांगावयास नको.

आमचे कांहीं सहाध्यापक ह्यावर म्हणतात, "हें वर्गांत ठीक आहे, पण गुण तपासनीस देतो. त्याच्यापुढें आदर्श उत्तर असतें. मुलानें आपल्या बापाची कहाणी लिहिली व त्यानें ती खोडली तर?" हा आक्षेप हंसून उडवून देण्याजोगा नाहीं. गरिबाच्या मुलास दोन गुण म्हणजे पुढच्या शिक्षणाची वाट असूं शकते, व आमच्या हौसेसाठीं त्याचे गुण पणास लावण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस कहाणी लिहा असें सांगत नाहीं. व्याख्या नेमकी लिहा, मुद्दे पुरे लिहा, आणि उदाहरण मात्र आपलें द्या, एवढेंच सांगतों. 'परळी तालुक्यांतून सांगलीकडे ऊसतोडणीसाठीं होणारें हंगामी स्थलांतर' ह्या एका ओळीस कोणता तपासनीस कात्री लावील? गाईडमधील उदाहरण हजार मुलांनीं लिहिलेलें असतें. वाचून वाचून त्याचेही डोळे शिणलेले असतात. उदाहरण स्वतःचें असलें म्हणजे मुद्दे विसरत नाहींत, हा तर उघड लाभ. गाईडांवर आमचा राग नाहीं. तीं स्वस्त मिळतात, आणि जेथें शिक्षकाची जागा रिकामी असते तेथें तींच शिक्षक होतात. राग आहे तो त्यांतून मुलांच्या मनांत रुजणाऱ्या एका समजुतीवर: कीं भूगोल म्हणजे दुसरीकडचें कांहींतरी.

ही समजूत आमच्या मुलुखांत जुनी आहे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होतें व वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून चाले. त्या पिढीचा विद्यार्थी 'जुग्राफिया' शिके. शब्द परका, म्हणून विषयही परका वाटला तर नवल नाहीं. आतां पुस्तक मातृभाषेंत आहे, आणि तरीही मुलगी विचारते कीं माझ्या घरचें पेपरांत लिहावयाचें असतें का.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या २० गुणांची तयारीही आम्ही हल्लीं अंगणांतून करवितों. रेखांशाचें गणित घ्या. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची. सिरसाळा साडेशहात्तरच्या आसपास. अंतर सहा अंश, दर अंशास चार मिनिटें, म्हणजे तेथील मध्यान्ह घड्याळाच्या सुमारें २४ मिनिटें मागून. हें फळ्यावर सोडविणें एक, आणि काठी रोवून तिची सांवली बाराच्या ठोक्यास नव्हे तर त्यानंतर आंखूड होत जाते हें पाहणें निराळें. (वर्षभर तोच आंकडा येत नाहीं, कांहीं मिनिटें मागेंपुढें होतात, तें कां, हें चौकस मुलानें स्वतः शोधावें.) मेच्या मध्यास सुट्टीत घरीं असाल तेव्हां हीच काठी रोवून पाहा. एका दुपारीं तिला सांवलीच पडणार नाहीं.

नकाशे तरी कचेरींत बसून कोठें झाले? विल्यम लॅम्टननें १८०२ मध्यें मद्रासेस मोजणी आरंभिली, आणि त्रिकोणास त्रिकोण जोडीत तो उत्तरेस चालत राहिला. १८२३ मध्यें तो वारला तो आपल्या वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाटास, मुक्कामावर. नकाशा जुना होतो, हेंही ध्यानांत ठेवावें. आमच्या वर्गांतील भिंतीवरच्या नकाशांत बीड शहरास रेल्वे नाहीं, आणि सप्टेंबर २०२५ मध्यें अहिल्यानगराहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली. आम्हीं तो नकाशा काढला नाहीं. वर्गांतील एकानें शाईनें लोहमार्ग आंखला.

त्या मुलीस आम्हीं मग एक काम दिलें: आईवडिलांची वाट नकाशावर दाखव. तिनें वडिलांस दूरध्वनी करून मुक्काम विचारून घेतले, प्रमाण ठरविलें, गांवें मांडलीं, नद्यांस निळा रंग दिला. सीना, भीमा, मग कृष्णा. पहिल्याच मसुद्यांत भीमा सीनेच्या उलट बाजूस गेली होती. ती तिनें स्वतःच खोडली. सर्व झाल्यावर ती अडली एका जागीं. कारखान्याजवळच्या माळावर पाचटाची जी कोपी करून हीं माणसें राहतात, ती नकाशावर कशी दाखवावी? "घर म्हणून दाखवूं का, सर? पण ती तर उन्हाळ्यांत नसते."

आम्हीं भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा कपाटांतून काढून तिच्यापुढें पसरला आणि सांकेतिक खुणांच्या यादींत शोधावयास सांगितलें. बराच वेळ ती वांकून पाहत होती. मग तिला सांपडलें. कायम झोंपडीची खूण एक आहे, आणि तिच्या शेजारींच तात्पुरत्या झोंपडीची निराळी.